राजयक्ष्मा आणि थोरले माधवराव

उदगीरच्या रणांगणावर 3 फेब्रुवारी 1760 रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमविले. त्या तहाने दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर अशी मातबर स्थळे मराठी दौलतीत आली. एक वर्षही पुरते लोटले नाही तोच भाऊ पानिपतावर पडले. जून 1761 मध्ये त्या दुःखाने खचलेले नानासाहेब पेशवे निवर्तले आणि जुलैमध्ये पेशवाईची वस्त्रे सोळा वर्षांच्या माधवरावांकडे आली. उदगीरची कमाई सांभाळणे हे त्यांच्यापुढचे पहिले काम होते. पण ती कमाई घालवावयास घरचाच माणूस निघाला. चुलते रघुनाथराव यांनी निजामाची कुमक घेऊन 1762 मध्ये आळेगाव येथे पुतण्याला शरण यावयास भाग पाडले, आणि त्या कुमकेची किंमत मुलुखाच्या रूपाने चुकविण्याचे कबूल केले.

माधवरावांनी हा अपमान गिळला. 10 ऑगस्ट 1763 रोजी गोदावरीकाठी राक्षसभुवन येथे, नदीच्या पुराने निजामाची फौज दुभंगलेली असताना, त्यांनी तिच्यावर झडप घातली. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. शत्रूच्या गराड्यात सापडलेल्या चुलत्याची सुटकाही याच पुतण्याने केली. पुढील सारा काळ घोड्यावर गेला. हैदरअलीवर एकामागून एक स्वाऱ्या, नागपूरकर भोसल्यांचा बंदोबस्त, 1768 मध्ये धोडपला चुलत्याशी अखेरचा सामना. आणि हे चालू असतानाच हिशेबाची तपासणी, वेठबिगारीला बंदी, रामशास्त्र्यांच्या न्यायासनाला पाठबळ.

चरकसंहितेत राजयक्ष्म्याची चार कारणे सांगितली आहेत: शक्तीबाहेरचे साहस, मलमूत्रादी वेगांचा अवरोध, धातूंचा क्षय आणि अवेळी, विषम आहार. स्वारीतील पेशव्याची दिनचर्याच जणू त्या ग्रंथात नोंदली आहे! आज क्षयाचे मूळ जंतूत आहे हे ठाऊक असले, तरी जुन्या वैद्यांची गणना अगदीच पोकळ नव्हती. जंतू अनेकांच्या शरीरात शिरतो आणि बहुतेकांत निद्रिस्त राहतो; उपासमार, अतिश्रम, दुसरा एखादा आजार यांनी शरीर खंगले की तो उठतो. वैद्यांनी बी ओळखले नव्हते, जमीन मात्र ओळखली होती.

हैदरविरुद्धच्या मोहिमेत 1770 च्या सुमारास प्रकृतीने साफ दगा दिला. सेना त्र्यंबकराव पेठ्यांच्या हाती सोपवून पेशवे परतले. पुन्हा निघाले ते मिरजेपर्यंत, आणि तेथूनही माघारी आले. याच मिरजेजवळ वानलेसवाडीला पुढे विसाव्या शतकात क्षयरोग्यांचे आरोग्यधाम उभे राहिले. रोगाने फुफ्फुसे धरली होती की आतडी, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. दोन्ही शक्य आहे, कारण गिळलेल्या बेडक्यातून फुफ्फुसाचा क्षय आतड्यांत उतरतो.

वैद्य झाले, अनुष्ठाने झाली, इंग्रज डॉक्टरालाही विचारले गेले असे सांगतात. पण त्या डॉक्टराजवळ तरी काय होते? माधवरावांना वस्त्रे मिळाली त्याच 1761 साली व्हिएन्नात औएनब्रुगर नावाच्या वैद्याने एक लहानसे पुस्तक छापले. खानावळवाल्याचा हा मुलगा. पिंपावर टिचकी मारून आत मद्य किती हे आवाजावरून ओळखतात, तशीच रोग्याची छाती बोटांनी ठोकून आतले पाणी किंवा घट्टपणा ओळखता येतो, हा त्याचा शोध. त्याच्या समव्यवसायिकांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. लॅनेकची श्वासनळी ऐकण्याची नळी 1816 सालची; तो स्वतः 1826 मध्ये क्षयानेच गेला. रॉबर्ट कॉखने जंतू दाखविला 1882 मध्ये, क्ष-किरण आले 1895 मध्ये आणि पहिले प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती लागले ते 1943 मध्ये. पेशव्यांच्या शय्येशी बसलेल्या कोणाही चिकित्सकापाशी यातले काहीच नव्हते. युरोपात त्या काळी क्षयी माणसाचे उलट रक्त काढीत. ते औषध न लाभले हे एका परीने बरेच झाले.

थेऊरच्या चिंतामणीच्या सान्निध्यात 18 नोव्हेंबर 1772 रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, माधवराव गेले. तत्पूर्वी दौलतीचे कर्ज फेडण्याची तजवीज त्यांनी लावून ठेवली होती. रमाबाई सती गेल्या.

आज त्याच वयाचा शिक्षक वा कारकून खोकत कचेरीत जातो. दोन आठवडे उलटले तरी बाटलीतील औषधावर भागवितो, कधी दम्याचा समज करून घेतो. दम्याची धाप येते-जाते आणि छातीत शिट्टी वाजते. क्षयाचा खोकला हटत नाही, त्यासोबत बहुधा संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम आणि घटते वजन असते. पण नुसत्या लक्षणांवरून दोन्ही निश्चित होत नाहीत. दम्यासाठी फुंकरीची चाचणी लागते आणि क्षयासाठी थुंकीची. उदगीरसारख्या तालुक्याच्या गावीही सरकारी रुग्णालयामार्फत ही थुंकीची तपासणी विनामूल्य होते. नव्या यंत्रावर जंतू आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला त्याचा प्रतिकार ही दोन्ही उत्तरे काही तासांत मिळतात. साध्या क्षयाला चार औषधे दोन महिने व त्यांतील तीन पुढे चार महिने पुरतात. घरी राहून घेतलेले उपचार आरोग्यधामाइतकेच गुण देतात, हे मद्रासच्या प्रयोगाने 1959 मध्येच सिद्ध केले. धोका असतो तो तिसऱ्या महिन्यात. ताप जातो, वजन वाढते आणि गोळ्या सुटतात. मग उरलेले जंतू औषधांना दाद देईनासे होतात. रुग्णाच्या घरच्या माणसांची तपासणी तर बहुधा राहूनच जाते.

ग्रँट डफने हा मृत्यू मराठी राज्याला पानिपताइतकाच घातक ठरला असे मानले. थेऊरनंतर नऊ महिन्यांनी, 30 ऑगस्ट 1773 रोजी, धाकटे बंधू नारायणराव शनिवारवाड्यात मारले गेले. ज्या चुलत्याला राक्षसभुवनावर माधवरावांनी वाचविले होते, तो त्या खुनानंतर पेशवा झाला.