अलंकारशिल्पी रने लालिक

अलंकारांची हौस मानवाला फार पुरातन काळापासून आहे. फुले, पाने, पक्षी यांच्याप्रमाणेच ज्यांना आपण क्षुद्र म्हणून झटकून टाकतो, ते कीटकही त्याने सोन्यात आणि रत्नांत घडविले आहेत. प्राचीन ईजिप्तमधील लोक शेणाचा गोळा लोटीत नेणारा भुंगा पाहत, आणि आकाशातून सूर्याचा गोळा असाच कोणीतरी पुढे नेत असावा, असे त्यांना वाटे. रोज नव्याने उगवणाऱ्या सूर्याशी जोडला गेल्यामुळे हा भुंगा पुनर्जन्माचे चिन्ह ठरला. त्याच्या आकाराचे ताईत जिवंत माणसे वापरीत आणि मृतांच्या सोबतही ठेवीत. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या अहहोतेप राणीच्या दफनात सोन्याच्या तीन मोठ्या माश्या सापडल्या. कितीही हाकलली तरी पुन्हा येणारी माशी त्या काळी योद्ध्याच्या चिकाटीचे प्रतीक होती, असे विद्वान मानतात. ग्रीक भाषेत तर आत्मा आणि फुलपाखरू यांना एकच शब्द होता. पुढे १८०४ साली फ्रान्सचा सम्राट झालेल्या नेपोलियनने आपले राजचिन्ह म्हणून मधमाशीची निवड केली.

या दीर्घ परंपरेला आधुनिक युगात अपूर्व तेज देणारा कलावंत म्हणजे रने लालिक होय.

लालिकचा जन्म ६ एप्रिल १८६० रोजी फ्रान्सच्या शँपेन प्रांतातील आई या गावी झाला. त्याच्या बालपणीच कुटुंब पॅरिसजवळ राहावयास गेले. परंतु सुटीचे दिवस तो आपल्या जन्मगावी घालवी. द्राक्षांचे मळे, रानफुले, गवतातील नाकतोडे आणि पाण्यावर भिरभिरणारे चतुर हीच त्याची पहिली शाळा ठरली. पाहिलेली वस्तू कागदावर उतरविण्याचा छंद त्याला लहानपणीच जडला.

१८७६ साली पित्याचे निधन झाले. अवघ्या सोळा वर्षांच्या लालिकला पॅरिसमधील लुई ओकॉक या नामांकित जवाहिऱ्याकडे उमेदवारी करावी लागली. धातू तापविणे, ठोकणे, डाक देणे, खडे बसविणे अशी कारागिराची सर्व कामे तो तेथे शिकला. पुढे दोन वर्षे त्याने इंग्लंडमध्ये कलेचे शिक्षण घेतले. परत आल्यावर मोठमोठ्या पेढ्यांसाठी तो दागिन्यांचे नमुने काढून देऊ लागला. नमुना त्याचा, पण नाव पेढीचे, अशी ती स्थिती होती. अखेर १८८५ साली त्याने पॅरिसमधील एक चालता कारखाना आपल्या हाती घेतला.

त्या काळी युरोपात दागिन्याचे मोल त्यातील हिऱ्यांवरून ठरे. १८६७ नंतर दक्षिण आफ्रिकेत हिऱ्यांच्या मोठ्या खाणी सापडल्या होत्या, आणि धनिकांच्या अंगावर हिऱ्यांची नुसती दाटी झाली होती. खडा जितका मोठा, तितका दागिना श्रेष्ठ, अशी समजूत रूढ होती. सोनाराची कल्पकता हिऱ्यांच्या झगमगाटात लोपून गेली होती. लालिकला हे रुचले नाही. दागिन्याचे खरे मोल त्यातील कल्पनेत आणि कारागिरीत असते, अशी त्याची धारणा होती. म्हणून त्याने शिंग, काच, हस्तिदंत, मीना आणि ओपल यांसारखी साधने हाती घेतली. जनावराचे शिंग म्हणजे कंगव्याचा माल! परंतु लालिकने त्यास तासून, घासून असे रूप दिले की, श्रीमंत स्त्रिया ते हिऱ्यांच्या बरोबरीने मिरवू लागल्या.

जी गोष्ट साधनांची, तीच विषयांची. गांधीलमाशी, भुंगा, नाकतोडा, चतुर यांना त्याने अलंकारात मानाचे स्थान दिले. कीटकाचे पंख पारदर्शक असतात. ते धातूत कसे दाखवावे, हा मोठाच प्रश्न होता. त्यासाठी त्याने एक अवघड जुनी रीत अवलंबिली. सोन्याच्या बारीक तारांची चौकट करावयाची, तिच्या कप्प्यांत मीना भरून तो भट्टीत भाजावयाचा, पण पाठीमागे पत्रा राहू द्यावयाचा नाही. मग मीन्यातून प्रकाश आरपार जातो. परंतु आच किंचित अधिक झाली, तरी मीना तडकतो आणि कित्येक दिवसांचे श्रम वाया जातात.

या रीतीने घडविलेले त्याचे सर्वश्रेष्ठ काम म्हणजे सुमारे १८९७-९८ मधील चतुराचे वक्षभूषण. चतुराच्या मुखातून हिरवट रत्नात कोरलेली स्त्री बाहेर येत आहे. तिला हातांच्या जागी विस्तीर्ण पंख आहेत, आणि पुढे सोन्याचे भीषण पंजे पसरले आहेत. पंख बिजागऱ्यांवर हलतात. त्याची रुंदी सुमारे साडेसव्वीस सेंटीमीटर आहे. स्त्री कीटक होत आहे की कीटक स्त्री होत आहे, हे पाहणाऱ्यास उमजत नाही. तो मोहून जातो आणि दचकतोही.

१९०० साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात लालिकच्या दालनापुढे लोकांची रीघ लागली आणि त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. विख्यात नटी सारा बर्नहार्ट हिच्यासाठी तो अलंकार घडवीत असे. कालूस्त गुलबेंकियन या तेलव्यापाऱ्याने त्याच्या अनेक कृती खरेदी केल्या. चतुराचे वक्षभूषणही त्यानेच घेतले. आज ते पोर्तुगालमधील लिस्बन शहरी, गुलबेंकियनच्या नावाच्या संग्रहालयात आहे.

यशाबरोबर अनुकरणही आले. बाजारात हलक्या प्रतीचे चतुर आणि फुलपाखरे यांचा सुकाळ झाला. अशा वेळी दुसरा एखादा मिळालेल्या कीर्तीवर स्वस्थ बसला असता. लालिकने मात्र वयाच्या पन्नाशीत नवा मार्ग धरला. अत्तराचे व्यापारी फ्रांस्वा कोती यांच्यासाठी त्याने काचेच्या सुंदर कुप्या तयार केल्या. अत्तराइतकीच कुपीही सुंदर असावी, आणि ती सामान्य घरातही पोहोचावी, हा त्यामागील विचार होता. साच्याच्या साहाय्याने एकाच नमुन्याच्या अनेक वस्तू काढता येत. चतुराचे वक्षभूषण एकाच धनिकाच्या संग्रही गेले होते. काचेचे सौंदर्य आता अनेकांच्या हाती पडू लागले.

१९२१ साली अल्सास प्रांतातील विंजन-स्यूर-मोदेर येथे त्याने काचेचा मोठा कारखाना उभारण्यास प्रारंभ केला. काचेतही त्याचे जुने सोबती त्याला सोडून गेले नाहीत. त्याच्या फुलदाण्यांवर नाकतोडे आणि भुंगे उमटले, आणि १९२८ साली तर मोटारीच्या अग्रभागी बसविण्यासाठी त्याने काचेचा चतुर घडविला.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने अल्सास व्यापले आणि १९४० साली कारखाना बंद पडला. तो पुन्हा सुरू झालेला पाहणे लालिकच्या नशिबी नव्हते. मे १९४५ मध्ये, युरोपातील युद्ध संपत असतानाच, त्याने जगाचा निरोप घेतला. पुढे त्याचा पुत्र मार्क याने कारखान्याची धुरा सांभाळली.

गवतातील नाकतोडा सर्वांनाच दिसतो; त्याच्याकडे थांबून पाहणारे थोडे. लालिक थांबला, त्याने पाहिले, आणि पाहिलेले हातांनी साकार करण्यासाठी वर्षानुवर्षे भट्टीपुढे तो झिजला. म्हणूनच शिंग आणि काच यांनी घडलेले त्याचे अलंकार आज हिऱ्यांहूनही अधिक जपून ठेवले जातात.