राज्यसभेतील डॉ. बाबासाहेब आंबेडकर

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र तुम्हांला नवे नाही. महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, पुणे करार, राज्यघटनेचा मसुदा आणि नागपूरची धम्मदीक्षा हे टप्पे तुम्ही शालेय वयापासून वाचत आला आहात. छोट्या चरित्रपुस्तिकांत मात्र एक गोष्ट नेहमी आढळते. १९५१ मधील मंत्रिपदाच्या राजीनाम्यानंतर लेखणी एकदम १९५६ च्या दीक्षाभूमीवर जाऊन पोहोचते. मधल्या काळात बाबासाहेब राज्यसभेचे सदस्य होते, हे एखाद्या वाक्यात उरकले जाते. सत्ता नाही, संख्याबळ नाही, प्रकृती साथ देत नाही, अशा अवस्थेत एका सदस्याने सभागृहात काय केले, हे या घटकात आपल्याला पाहावयाचे आहे.

विधिमंडळाचे काम त्यांना नवखे नव्हते. १९२७ मध्ये ते मुंबई कायदे कौन्सिलात सरकारनियुक्त सभासद म्हणून आले. त्या वेळी मुंबई प्रांतात एकच सभागृह होते. १९ मार्च १९२८ रोजी त्यांनी महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. गावकामगार म्हणून अहोरात्र राबवून घेणाऱ्या आणि मोबदल्यात तुटपुंजे बलुते व वतनी जमीन देणाऱ्या पद्धतीला त्यात हात घातलेला होता. ते विधेयक त्यांना मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावकामगारांची ती वतने रद्द करणारा कायदा मुंबई राज्यात झाला तो १९५८ साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर. विधेयक आज पडावे आणि त्यातील विचार पुढच्या पिढीच्या कायद्यात उतरावा, हा अनुभव त्यांच्या वाट्याला पहिल्यांदा आला तो असा. पुढे वाचताना हे ध्यानात ठेवा.

हिंदू संहिता विधेयकाची वासलात लागलेली पाहून सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदामंत्रिपदाचा राजीनामा दिला. राजीनाम्याचे निवेदन सभागृहात करण्यापूर्वी त्याची प्रत आधी दाखवावी, असा आग्रह उपसभापतींनी धरला, तेव्हा ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वृत्तपत्रांच्या हाती दिले. त्यानंतर काही महिन्यांतच पहिली सार्वत्रिक निवडणूक आली. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने ते उत्तर मुंबई मतदारसंघातून उभे राहिले आणि काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून चौदा हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले. घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष त्या घटनेनुसार झालेल्या पहिल्याच निवडणुकीत लोकसभेबाहेर राहिला.

येथे थोडे थांबून घटनेचे ८० वे कलम काढून पाहा. राज्यसभेचे सदस्य राज्यांच्या विधानसभांतील निवडून आलेले आमदार निवडतात, आणि तेही एकल संक्रमणीय मताच्या प्रमाणशीर पद्धतीने. या पद्धतीत बहुमताचा पक्ष सगळ्याच जागा गिळू शकत नाही. आमदारांच्या लहान गटालाही पसंतिक्रमाच्या जोरावर आपला माणूस पाठवता येतो. १९५२ च्या मार्चमध्ये मुंबई राज्यातून बाबासाहेब निवडून आले ते याच मार्गाने. राज्यांतील दुसऱ्या सभागृहांचा विषय घटना समितीत निघाला असता, आपल्याला अशा सभागृहाचे विशेष आकर्षण नाही, असे त्यांनीच मोकळेपणाने सांगितले होते. अशा सभागृहात त्यांना आयुष्याची शेवटची वर्षे काढावी लागली, यातील विपर्यास तुमच्या नजरेतून सुटणार नाही.

१३ मे १९५२ रोजी या सभागृहाची पहिली बैठक भरली. त्याचे नाव तेव्हा कौन्सिल ऑफ स्टेट्स असे होते. राज्यसभा हे नाव २३ ऑगस्ट १९५४ रोजी जाहीर झाले. सदस्यसंख्या २१६, त्यांपैकी १२ राष्ट्रपतिनियुक्त. अध्यक्षस्थानी उपराष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन. मंत्रिमंडळ जबाबदार असते ते लोकसभेला. धनविधेयकावर राज्यसभेला केवळ शिफारशी करता येतात, त्याही चौदा दिवसांच्या आत. म्हणजे येथील विरोधी सदस्य सरकार पाडू शकत नाही की अंदाजपत्रक अडवू शकत नाही. त्याच्या हाती उरते ते भाषण, दुरुस्ती आणि कामकाजाच्या इतिवृत्तातील नोंद.

हे साधन बाबासाहेबांनी पहिल्याच अधिवेशनापासून वापरले. मे १९५२ मधील अंदाजपत्रकावरील चर्चेत त्यांनी लष्करी खर्चावर बोट ठेवले. राजीनाम्याच्या निवेदनातही त्यांनी हाच हिशेब मांडला होता: वार्षिक महसूल सुमारे ३५० कोटी आणि त्यातले सुमारे १८० कोटी सैन्यावर. परराष्ट्र धोरणाने मित्र जोडले असते, तर हा भार देशावर पडला नसता, असे त्यांचे प्रतिपादन होते. बोलणारा मूळचा अर्थशास्त्रज्ञ आहे, हे या भाषणांत सतत जाणवते. ते आधी आकडा ठेवतात आणि मग टीका करतात.

त्यांच्या राज्यसभेतील कारकिर्दीतला सर्वांत गाजलेला, आणि माझ्या मते सर्वांत चुकीच्या पद्धतीने सांगितला जाणारा, प्रसंग २ सप्टेंबर १९५३ चा आहे. चर्चा आंध्र राज्याच्या विधेयकावर होती. पोट्टी श्रीरामुलू यांचे उपोषणात डिसेंबर १९५२ मध्ये निधन झाले, त्यानंतर सरकारने हे राज्य देण्याचे मान्य केले होते. तत्त्व आधीच मान्य असताना त्याच्या अंमलासाठी एका माणसाला प्राण द्यावे लागले, ही सरकारला लाज आणणारी गोष्ट आहे, असे बाबासाहेबांनी सुनावले. परंतु त्यांची खरी चिंता पुढची होती. एकभाषी राज्यात एखादी संख्येने आणि जमिनीने बलाढ्य जात सत्तेवर बसली, तर तेथील लहान जातींनी आणि अस्पृश्यांनी कोणाकडे पाहावयाचे? राज्यपालाला अल्पसंख्याकांच्या संरक्षणासाठी काही विशेष अधिकार द्यावेत, अशी त्यांची सूचना होती. त्यावर सदस्यांनी टोकले की, घटना तर तुम्हीच लिहिली, मग तेव्हा ही तरतूद का केली नाही? या टोमण्याने ते संतापले. आपण भाडोत्री लेखकासारखे सांगितलेले काम केले, पुष्कळसे मनाविरुद्ध केले, आणि ही घटना जाळावयाची झाली तर आपणच प्रथम पुढे होऊ, असे ते बोलून गेले.

हे उद्गार आजही दोन्ही बाजूंनी वापरले जातात. कोणी त्यांतून घटनेची अप्रतिष्ठा काढतो, कोणी ते उद्गार झालेच नाहीत असे भासवतो. चरित्राच्या अभ्यासकाने यांपैकी काहीही करू नये. त्याने १९ मार्च १९५५ चे कामकाज शेजारी ठेवावे. चौथ्या घटनादुरुस्तीच्या चर्चेत एका सदस्याने त्या जुन्या बोलण्याची आठवण करून दिली, तेव्हा बाबासाहेबांनी त्याचा अर्थ उलगडला. देवासाठी मंदिर बांधावे आणि देवाची प्रतिष्ठापना होण्याआधीच त्यात असुरांनी ठाण मांडावे, तर बांधणाऱ्याने काय करावे, असा त्या स्पष्टीकरणाचा आशय होता. राग वास्तूवर नव्हता, तीत येऊन बसलेल्यांवर होता. त्यावर दुसऱ्या एका सदस्याने, मग मंदिर कशाला, असुरांनाच हाकला, अशा अर्थाचा शेरा मारला. तो मार्मिक होता, हे मान्य केले पाहिजे.

त्याच भाषणात त्यांनी मालमत्तेच्या ३१ व्या कलमाची जन्मकथा सांगितली. हे कलम मसुदा समितीचे अपत्य नव्हे. नुकसानभरपाईच्या प्रश्नावर नेहरू, पटेल आणि पंत या तिघांची तोंडे तीन दिशांना होती आणि त्यांच्या तडजोडीतून ते आकाराला आले, असे त्यांनी सभागृहाच्या नोंदीत घातले. घटना कशी घडली याचा साक्षीदार त्या दिवशी सभागृहात उपस्थित होता. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे भाषण त्यासाठी महत्त्वाचे वाटेल.

भाषावार राज्यांतील दुर्बलांविषयीची त्यांची भीती आंध्रच्या चर्चेबरोबर संपली नाही. भाषिक राज्यांसंबंधीचे विचार मांडणारी त्यांची पुस्तिका १९५५ च्या अखेरीस निघाली. मुंबई धरून मराठी मुलखाची चार राज्ये करावीत, ही त्यातील योजना संयुक्त महाराष्ट्राच्या ऐन आंदोलनात आली आणि अनेक मराठी वाचकांना ती रुचली नाही.

२६ ऑगस्ट १९५४ च्या परराष्ट्र धोरणावरील भाषणात पंचशील, तिबेट आणि गोवा या तिन्ही बाबतींत त्यांनी पंतप्रधानांवर कठोर टीका केली. गोव्याच्या प्रश्नात सरकारने वेळीच लहानशी पोलीस कारवाई केली असती तर काम भागले असते, असे ते म्हणाले. तो प्रदेश विकत घेण्याचा किंवा निजामाच्या वऱ्हाडाप्रमाणे पट्ट्याने घेण्याचा पर्यायही त्यांनी मांडला. या भाषणातील सगळीच अनुमाने आज पटतील असे नाही. मात्र तिबेटविषयीची त्यांची अस्वस्थता पुढील घटनांनी निराधार ठरवली नाही.

त्याच अधिवेशनात ६ सप्टेंबर रोजी अनुसूचित जाती-जमातींच्या आयुक्तांच्या अहवालावर चर्चा झाली. पडीक जमीन अस्पृश्यांना द्यावी, ही त्यांची जुनी मागणी त्यांनी पुन्हा मांडली. पैसा कोठून आणावयाचा, याचेही उत्तर त्यांच्यापाशी होते: रद्द झालेला मिठावरील कर पुन्हा बसवा आणि त्याचे उत्पन्न गांधीजींच्या नावाच्या निधीत ठेवून अस्पृश्यांच्या उद्धारासाठी खर्च करा. ज्या करासाठी १९३० मध्ये दांडीयात्रा निघाली, तोच कर गांधीजींच्याच नावाने! सूचनेत खोच होती. पण ती केवळ खोच नव्हती. मिठावर बसणारा कर प्रत्येकाच्या वाट्याला अल्प येतो आणि एकत्रित रक्कम मोठी होते, हा अर्थशास्त्रज्ञाचा विचार तिच्यामागे होता. सरकारने ती स्वीकारली नाही.

आता १६ सप्टेंबर १९५४ कडे वळू. या दिवसाकडे मी तुमचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. अस्पृश्यता घटनेच्या १७ व्या कलमाने नष्ट झाली होती. ती पाळणाऱ्याला शिक्षा करणारा कायदा मात्र साडेचार वर्षांनी येत होता. विधेयक गृहमंत्री कैलासनाथ काटजू यांच्या खात्याचे होते. बाबासाहेबांनी पहिला आक्षेप घेतला तो नावावर. अस्पृश्यता गुन्हे विधेयक या नावातून असा बोध होतो की, काही किरकोळ गैरवर्तन आवरावयाचे आहे. प्रश्न तर नागरिकाच्या हक्काचा आहे. म्हणून अस्पृश्यांच्या नागरी हक्कांचे संरक्षण करणारा कायदा असेच त्याचे नाव हवे, असे त्यांचे म्हणणे होते. वरवर पाहता हा शब्दांचा वाद वाटेल. पण पहिल्या नावात कायदा अपराध्याकडे पाहतो, तर दुसऱ्या नावात तो ज्याचा हक्क हिरावला गेला त्या माणसाकडे पाहतो. भाषेच्या विद्यार्थ्याला हा भेद अधिक समजावून सांगण्याची गरज नाही.

दुसरा आक्षेप याहून व्यावहारिक होता. विधेयकाप्रमाणे हे गुन्हे आपसांत मिटविता येणार होते. गावाची रचना डोळ्यांपुढे आणा. फिर्यादी शेतमजूर, आरोपी ज्याच्या शेतावर तो राबतो तो, किंवा ज्याच्या दुकानातून उधार धान्य आणतो तो. काम बंद, उधारी बंद, गुरांना चराई बंद, एवढे झाले की फिर्यादी आपण होऊन तडजोडीला तयार होतो. बाबासाहेबांनी खेड्यातील बहिष्काराचे हे अस्त्र आयुष्यभर पाहिले होते. १९३० पूर्वी स्टार्ट समितीचे सभासद म्हणून मुंबई इलाख्यात त्याची पाहणीही केली होती. तडजोडीची मुभा ही दुर्बलाला दिलेली सवलत नसून त्याच्यावर दडपण आणण्याची वाट आहे, हे त्यांनी ओळखले होते.

विधेयक त्याच नावाने संमत झाले आणि १ जून १९५५ पासून अमलात आले. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. गुन्हा मिटविण्याची मुभाही तशीच राहिली. १९७६ मध्ये संसदेने या कायद्यात दुरुस्ती केली. त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा असे नवे नाव मिळाले आणि गुन्हे आपसांत मिटविण्याची तरतूद काढून टाकण्यात आली. मधल्या एकवीस वर्षांत किती फिर्यादी मिटविल्या गेल्या असतील, याचा विचार तुम्हीच करा.

१९५४ च्या मे महिन्यात भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत त्यांचा पुन्हा पराभव झाला होता. लोकसभेचे दार त्यांच्यासाठी उघडले नाही ते नाहीच. ज्या हिंदू संहितेसाठी त्यांनी मंत्रिपद सोडले, ती चार स्वतंत्र कायद्यांच्या रूपाने १९५५ आणि १९५६ मध्ये मंजूर झाली. कायदा मंत्रालयाच्या वतीने त्यांतील महत्त्वाची विधेयके पुढे नेणारे हरिभाऊ पाटसकर हेही मराठीच. मूळ संहितेचा शिल्पकार त्या वेळी विरोधी बाकावर होता.

एप्रिल १९५६ मध्ये पहिली मुदत संपताच ते मुंबई राज्यातून पुन्हा निवडून आले. मधुमेहाने शरीर पोखरले होते. चालताना आधार लागे, आणि बराचसा वेळ दिल्लीच्या २६, अलीपूर रोड येथील घरी बुद्धाच्या जीवनावरील ग्रंथाच्या लेखनात जाई. १४ ऑक्टोबरला नागपूरला त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ४ डिसेंबरला ते राज्यसभेत आले आणि लॉबीत काही सदस्यांशी बोलले. ६ डिसेंबरच्या पहाटे अलीपूर रोडच्या घरी झोपेतच त्यांचे निधन झाल्याचे आढळले. राज्यसभेतील त्यांची मुदत एप्रिल १९६२ पर्यंत होती.