चूक शोधणारा गणिती : दामोदर कोसंबी

कला अकादमीत भरणाऱ्या विचार महोत्सवामुळे दामोदर धर्मानंद कोसंबी हे नाव गोमंतकीयांच्या ओठी रुळले आहे. इतिहासकार म्हणून त्यांची कीर्ती मोठी. गणिती म्हणून ती जगभर, परंतु आपल्याकडे थोडी अंधुक. त्याहूनही कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की, इलेक्ट्रॉनिक संगणक म्हणजे काय हे जाणून घेण्यासाठी स्वातंत्र्यानंतर लगेचच परदेशी गेलेल्या आरंभीच्या भारतीयांत ते होते. आज घरोघरी संगणक आहे आणि तो अधूनमधून अडून बसतो. पडदा काळा पडतो, छपाईयंत्र हलत नाही, कुठलासा संदेश झळकतो आणि घरातले सगळे एकमेकांकडे पाहू लागतात. अशा वेळी उपयोगी पडणारी विचारपद्धती कोसंबींच्या चरित्रात जागोजागी आढळते. ती त्यांनी संगणकावर नव्हे, तर नाण्यांवर आणि पोथ्यांवर राबविली.

३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबे येथे त्यांचा जन्म झाला. वडील धर्मानंद हे बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे गाढे विद्वान. हार्वर्ड विद्यापीठातील संशोधनासाठी ते अमेरिकेस जात, आणि १९१८ साली अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्यासोबत मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजला पोहोचला. तिथेच शाळा आणि पुढे हार्वर्ड. १९२९ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पदवी घेऊन ते मायदेशी परतले. प्रथम बनारस, नंतर अलीगढ आणि मग पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय असा अध्यापनाचा प्रवास झाला.

अलीगढला आंद्रे वेय हा तरुण फ्रेंच गणिती त्यांचा सहकारी होता. त्याच्या चिथावणीवरून कोसंबींनी १९३१ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात बूर्बाकी नावाच्या, कधीच अस्तित्वात नसलेल्या गणितज्ञाच्या प्रमेयाचा आधार घेतला होता. एका सहकाऱ्याची फजिती करण्यासाठी केलेली ही थट्टा. पुढे फ्रान्समधील गणितज्ञांच्या एका मंडळाने तेच नाव धारण करून ग्रंथमाला लिहिली आणि बूर्बाकी जगप्रसिद्ध झाला. छापून आलेला संदर्भ कुणी तपासून पाहत नाही, हे कोसंबींना चोविसाव्या वर्षीच उमगले होते. पुढील आयुष्यात त्यांनी इतरांचे संदर्भ ज्या निर्दयपणे तपासले, त्याचे मूळ कदाचित या खोडीतही असेल.

पुण्याच्या काळात त्यांना चांदीच्या आहत नाण्यांनी झपाटले. तक्षशिलेच्या भीर टेकाडात १९२४ साली हजारावर नाण्यांचा साठा सापडला होता. नाण्यांवर चिन्हे होती, पण राजाचे नाव नव्हते की सालही नव्हते. त्यांचा क्रम कसा लावायचा? वजनांत फरक होता खरा. परंतु तो टांकसाळीच्या ढिलाईमुळे, मापांच्या निरनिराळ्या पद्धतींमुळे की हाताळणीतल्या झिजेमुळे, हे कुणालाही सांगता येत नव्हते. चुकीचे कारण एकच असते तर प्रश्न सोपा होता. इथे तीन-चार कारणे एकमेकांत गुंतलेली होती.

कोसंबींनी थेट प्राचीन नाण्यांना हात घातला नाही. बाजारात चालू असलेली, टांकसाळीचे वर्ष कोरलेली आधुनिक नाणी त्यांनी गोळा केली आणि ती हजारोंच्या संख्येने एकेक करून सूक्ष्म तराजूत तोलली. या नाण्यांचे मूळ वजन ठाऊक, वयही ठाऊक. मग झीज किती होते एवढाच प्रश्न उरला. नाणे जितकी वर्षे फिरते तितके त्याचे सरासरी वजन घटते आणि त्याच वेळी नाण्यानाण्यांतील फरक वाढत जातो, असे दिसून आले. हा नियम हाती आल्यावर ते तक्षशिलेकडे वळले. नाण्याच्या मागील बाजूस वेळोवेळी तपासणीच्या लहान खुणा उमटवीत. जितक्या खुणा अधिक, तितके सरासरी वजन कमी, हे त्यांनी १९४१ च्या सुमारास आकड्यांनी दाखवून दिले. मूक धातूला त्यांनी कालक्रम सांगायला लावला.

संगणक दुरुस्त करणारा जाणता माणूस याहून वेगळे काय करतो? पडदा काळा असला तर तो प्रथम नक्की चालणारी दुसरी वायर लावून पाहतो. तरीही अंधार राहिला, तर तोच पडदा नक्की चालणाऱ्या दुसऱ्या संगणकाला जोडतो. ज्याच्याविषयी शंका नाही अशा वस्तूशी तुलना केल्यावाचून शंकास्पद वस्तूविषयी काहीच कळत नाही. शिवाय तो एका वेळी एकच गोष्ट बदलतो. उतावळा माणूस वायर बदलतो, दोन प्रणाली काढून टाकतो, तिसरी नवीन घालतो. संगणक सुरू झालाच तर कशामुळे झाला हे त्याला सांगता येत नाही, आणि आठवड्याने तो पुन्हा बंद पडतो.

भर्तृहरीच्या शतकत्रयीचे काम याच स्वभावाचे. शतकानुशतके हाताने उतरविलेल्या पोथ्यांत लेखनिकांनी अक्षरे गाळली, श्लोक घुसडले, न कळलेला शब्द सोपा करून टाकला. कोसंबींनी साडेतीनशेहून अधिक हस्तलिखिते पडताळली आणि १९४८ मध्ये चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. या शास्त्रात चूक ही नुसती काढून टाकायची घाण नसते. दोन पोथ्यांत तीच विचित्र चूक असली तर त्यांची वंशावळ एक, असा माग तिच्यावरूनच लागतो. म्हणून संपादक चूकही जशीच्या तशी टिपून ठेवतो. संगणकावरचा संदेश न वाचताच खिडकी बंद करणाऱ्या घरोघरच्या मंडळींना, तो आधी अक्षरशः उतरवून घ्या, असे दुरुस्तीवाला कळकळीने सांगतो, तोही याच कारणाने. त्या आकड्यांत आणि अक्षरांतच बिघाडाचे कूळ दडलेले असते.

मधल्या काळात शुद्ध गणितही चालूच होते. १९४३ साली त्यांनी असंख्य निरीक्षणांच्या गोंधळातून मोजके महत्त्वाचे घटक वेगळे काढण्याची रीत मांडली. पुढे युरोपात कार्हुनेन आणि लोएव्ह यांनी ती स्वतंत्रपणे शोधली आणि बरीच वर्षे त्यांच्याच नावाने ती ओळखली गेली. छायाचित्रांतील अनावश्यक माहिती गाळण्याच्या आजच्या अनेक तंत्रांमागे हेच तत्त्व आहे. १९४४ च्या त्यांच्या एका निबंधातील सूत्र आनुवंशशास्त्रज्ञ गुणसूत्रावरील जनुकांचे अंतर काढण्यासाठी आजही वापरतात. अशा संगणक प्रणालींत निवडीच्या यादीत कोसंबी हे नाव असते.

१९४५ च्या सुमारास होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. कोसंबी पुण्यातच राहिले आणि डेक्कन क्वीनने मुंबईस ये-जा करू लागले. १९४८-४९ मध्ये युनेस्कोची शिष्यवृत्ती घेऊन ते संगणनयंत्रांच्या अभ्यासासाठी इंग्लंड-अमेरिकेला गेले. ती यंत्रे तेव्हा खोलीभर पसरलेली असत. अमेरिकेतील एनियाकमध्ये सुमारे अठरा हजार निर्वात नळ्या होत्या आणि एखादी नळी जळाली की सारे काम थांबे. ज्या हार्वर्डमध्ये कोसंबी शिकले, तिथल्याच मार्क-२ यंत्रात सप्टेंबर १९४७ मध्ये एक पतंग अडकला होता. यंत्र चालविणाऱ्यांनी तो काढून नोंदवहीत चिकटविला. यंत्रातील दोषाला इंग्रजीत किड्याचे नाव त्या पतंगावरून पडले, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते खरे नव्हे. अभियंते तो शब्द एडिसनच्या काळापासून वापरीत होते. खरोखरीचा किडा सापडला, म्हणून तर त्या मंडळींना गंमत वाटली. इंग्लंडात केंब्रिजला १९४९ च्या मे महिन्यात एडसॅक हा संगणक चालू झाला आणि त्याचा निर्माता मॉरिस विल्क्स याला लवकरच कळून चुकले की, उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच आज्ञावलींतील चुका शोधण्यात जाणार आहे.

भारतात संस्थेचा स्वतःचा संगणक, टिफ्रॅक, १९६० साली कामास लागला. तो आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील तरुणांनी बांधला. कोसंबी त्या गटात नव्हते. त्यांचे मन तोवर दुसरीकडे गुंतले होते. १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील त्यांचा युगप्रवर्तक ग्रंथ आला. अणुऊर्जेपेक्षा सौरऊर्जा या देशाला अधिक मानवेल, असे ते उघडपणे मांडू लागले. अणुकार्यक्रमाच्या प्रमुखाच्याच संस्थेत राहून हे बोलणे सोपे नव्हते.

आणि मग ती चूक घडली. मूळ संख्या कशा विखुरलेल्या आहेत याविषयी बर्नहार्ड रीमान यांनी १८५९ साली एक अनुमान मांडले होते. बरोबर शंभर वर्षांनी, १९५९ मध्ये, संभाव्यताशास्त्राच्या साहाय्याने ते सिद्ध होते असे प्रतिपादन कोसंबींनी केले. निबंध प्रसिद्ध झाला तो कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. गणिताच्या या शाखेतील तज्ज्ञांची कठोर छाननी तिथे होणे शक्यच नव्हते. यादृच्छिक मांडणीत जे जवळजवळ नेहमी घडते, ते मूळ संख्यांच्या त्या एकाच ठरलेल्या मालिकेतही घडतेच, ही पायरी त्यांना सिद्ध करता आली नव्हती.

घरच्या संगणकावरही सर्वांत अवघड जात हीच. संदेश दाखवून थांबणारी चूक त्या मानाने प्रामाणिक असते. हिशोबाचा तक्ता सुरळीत चालतो, बेरीज दिसते आणि ती चुकलेली असते, तेव्हा ज्याने तक्ता केला त्यालाच ती सहसा दिसत नाही. दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांखालून तो जावा लागतो. इतरांच्या लेखनातील फटी अचूक हेरणाऱ्या, बोलण्यात तिखट असलेल्या कोसंबींजवळ तोवर असा दुसरा डोळा उरला नव्हता, असे वाटते. सहकाऱ्यांशी संबंध ताणले गेले होते आणि हा निबंध संस्थेच्या नावाला बट्टा लावणारा ठरला. १९६२ मध्ये त्यांच्या नेमणुकीचे नूतनीकरण झाले नाही.

त्यानंतरही ते थांबले नाहीत. एस. डुक्रे या टोपणनावाने त्यांनी गणितावर निबंध लिहिले. पुण्याच्या परिसरात भटकून दगडी सूक्ष्म हत्यारे गोळा केली, खेड्यांतील देवतांचा आणि जुन्या व्यापारी वाटांचा माग काढला. १९६४ मध्ये वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद वैज्ञानिक म्हणून नेमले. १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीवरील त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. २९ जून १९६६ रोजी पुण्यात, झोपेतच, त्यांचे निधन झाले. त्यांना एकोणसाठावे वर्ष पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता. रीमानचे अनुमान आजतागायत कुणालाही सिद्ध करता आलेले नाही.