डॉ. रुस्तम जाल वकील आणि सर्पगंधा

भिलाईच्या पोलादनगरीपलीकडे छत्तीसगडच्या रानांत सर्पगंधा उगवते. या वनस्पतीच्या मुळास आधुनिक वैद्यकात प्रतिष्ठा मिळवून देणारे डॉ. वकील १९११ साली मुंबईस पारशी कुटुंबात जन्मले व लंडनला शिकून हृद्रोगतज्ज्ञ झाले. कलकत्त्याच्या गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी मनोविकार व रक्तदाब यांवरील तिचा गुण १९३१ मध्येच नोंदविला होता. वकिलांनी ५० रुग्णांचा रक्तदाब काटेकोर मोजून १९४९ मध्ये ब्रिटिश हृद्रोग-नियतकालिकात निष्कर्ष मांडले, तेव्हा कुठे जगाचे लक्ष गेले. मुळाची थोरवी गाणारे आपण या मोजमापाचे श्रेय सहसा विसरतो.

कार्यकारण मात्र तेव्हा अज्ञात होते. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये मुळातून रेसर्पिन वेगळे केले गेले. १९५५ पासून त्याचा मेंदूतील व्यापार उलगडू लागला. तंत्रिका कोशिकेच्या टोकाशी सेरोटोनिन, डोपामिन, नॉरॲड्रेनॅलिन ही द्रव्ये सूक्ष्म पुटिकांत साठतात, संदेशासरशी बाहेर पडतात आणि पुढील कोशिकेवरील ग्राहींना क्षणभर चिकटून तिला चेतवितात किंवा आवरतात. रेसर्पिन ही साठवणच होऊ देत नाही. ग्राही शाबूत असूनही रिते राहतात. रुग्ण शांत होत. काहींना खिन्नता ग्रासते, अशाही नोंदी झाल्या, आणि खिन्नतेच्या रासायनिक मीमांसेस त्यांतूनच चालना मिळाली. ती मीमांसा पुढे वादग्रस्त ठरली.

वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. १९७४ साली ते निवर्तले.