हॉवी मोरेन्झ : टाळ्या, हुर्यो आणि सात क्रमांकाची जर्सी

११ मार्च १९३७ रोजी कॅनडातील माँट्रियल शहराचे फोरम क्रीडागृह खचाखच भरले होते. सामना मात्र नव्हता. जेथे एरवी स्केट्सच्या पात्यांचा करकराट आणि प्रेक्षकांचा गलका यांत कानठळ्या बसत, तेथे त्या दिवशी टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होती. मैदानाच्या मध्यभागी फुलांच्या राशीत एक शवपेटी ठेवली होती. तिच्या बाजूने रांगेने पुढे सरकत अंत्यदर्शन घेणाऱ्यांची संख्या पन्नास हजारांच्या घरात गेली असावी, असा अंदाज त्या वेळी वर्तवण्यात आला. पेटीत चिरनिद्रा घेत होता अवघ्या ३४ वर्षांचा हॉवी मोरेन्झ, बर्फावरील हॉकीचा त्या काळातील सर्वांत वेगवान आणि सर्वांत लाडका खेळाडू.

याच फोरमने, याच बाकांवरून, तीन वर्षांपूर्वी त्याची हुर्यो उडवली होती. मोरेन्झचे चरित्र लिहिणारे बहुतेक जण त्या प्रसंगावरून घाईघाईने पुढे जातात. वास्तविक त्याच्या आयुष्याची दिशा तेथेच बदलली.

मोरेन्झचा जन्म १९०२ साली ओंटारिओ प्रांतातील मिचेल या छोट्याशा गावी एका जर्मन वंशाच्या कुटुंबात झाला. गावातून टेम्स नावाची नदी वाहते आणि हिवाळ्यात ती गोठते. आईने मुलाला पियानोच्या शिकवणीला घातले, पण मुलाचे पाय शिकवणीऐवजी गोठलेल्या नदीकडे वळत. तेथे मोठ्या मुलांनी सुरुवातीला त्याला गोलरक्षक म्हणून उभे केले. पुढे १९१७ मध्ये कुटुंब जवळच्या स्ट्रॅटफर्ड शहरात आले. तेथील रेल्वेच्या कारखान्यात उमेदवारी करता करता हा मुलगा हौशी संघांतून खेळू लागला. रेल्वेच्या संघाकडून माँट्रियलमध्ये खेळताना त्याने एकाच सामन्यात नऊ गोल केले आणि माँट्रियल कॅनेडियन्स या व्यावसायिक संघाचे चालक लिओ दांदुराँ यांच्या नजरेत तो भरला.

१९२३ च्या उन्हाळ्यात करार झाला. सही केल्यावर मात्र मोरेन्झचे मन डळमळले. स्ट्रॅटफर्डच्या मंडळींना आपला हिरा बाहेर जाऊ द्यायचा नव्हता. गावातून दबाव आला, आणि मोरेन्झने करारपत्र व धनादेश दोन्ही दांदुराँ यांच्याकडे परत पाठवून दिले. दांदुराँ बधले नाहीत. करार मोडलास तर कुठेच खेळता येणार नाही, असा गर्भित इशारा त्यांनी दिला आणि डोळ्यांत पाणी घेऊन हा तरुण माँट्रियलच्या गाडीत बसला. ज्या शहरात जायला तो रडला, त्याच शहरातून निघताना अकरा वर्षांनी तो पुन्हा हवालदिल झाला.

या खेळाचे स्वरूप आधी थोडक्यात सांगायला हवे. सुमारे दोनशे फूट लांबीच्या बर्फाच्या मैदानावर गोलरक्षकासह प्रत्येकी सहा खेळाडू धावतात, म्हणजे खरे तर घसरतात. चेंडूऐवजी रबराची चपटी, कडक चकती असते. तिला पक म्हणतात. मैदानाभोवती लाकडी फळ्यांचा कठडा असतो. गोल करणाऱ्याला एक गुण मिळतो, तसा गोलसाठी पास देणाऱ्यालाही एक. मोरेन्झ खेळू लागला तेव्हा पुढच्या दिशेने पास देण्यावर कडक निर्बंध होते. त्यामुळे पक आपल्या गोलपासून समोरच्या गोलपर्यंत स्वतःच घेऊन जावा लागे. मोरेन्झ जन्मला होता तो जणू याच कामासाठी. आपल्या गोलमागे वळसा घेऊन तो निघाला, की मैदानाच्या मध्यापर्यंत त्याने असा वेग पकडलेला असे की समोरच्या बचावपटूंना त्याला अडवायचे की वाट द्यायची हे ठरवायलाही सवड मिळत नसे.

पहिल्याच मोसमात, १९२४ मध्ये, कॅनेडियन्सने स्टॅन्ली करंडक जिंकला. ऑरेल जोलिआ हा ठेंगणा, चपळ आघाडीवीर मोरेन्झच्या डावीकडे खेळे. पुढे उजवीकडे जॉनी गान्यों आला. हे त्रिकूट पाहायला फोरमचे स्वस्त बाक ओसंडून वाहत. त्या बाकांवर बसणाऱ्या फ्रेंच भाषक कामगारवर्गाला गमतीने लक्षाधीश म्हटले जाई. शहरात इंग्रजी आणि फ्रेंच भाषकांमध्ये अदृश्य भिंत होती. कॅनेडियन्स हा फ्रेंचांचा संघ, तर मरून्स हा इंग्रजांचा. अशा शहरात जर्मन वंशाचा, इंग्रजी बोलणारा, ओंटारिओतून आलेला एक पोरगा फ्रेंच गिरणगावाचा देव झाला, ही गोष्ट साधी नव्हे.

१९२७-२८ च्या मोसमात त्याने ४३ सामन्यांत ३३ गोल केले आणि एकूण ५१ गुण मिळवले. नॅशनल हॉकी लीगमध्ये एका मोसमात पन्नाशी गाठणारा तो पहिला खेळाडू. संघासाठी सर्वांत मोलाच्या खेळाडूला मिळणारा हार्ट करंडक त्या वर्षी त्याला मिळाला. १९३१ आणि १९३२ मध्ये पुन्हा मिळाला. अमेरिकेत वृत्तपत्रे त्याला हॉकीचा बेब रूथ म्हणू लागली. न्यूयॉर्कमध्ये हा खेळ रुजवण्यात त्याच्या वेगाचा वाटा मोठा होता. तेथील नव्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १९२५ च्या डिसेंबरात पहिला लीग सामना झाला तो कॅनेडियन्सविरुद्धच.

गोलांचा दुष्काळ म्हणजे काय, हे त्या पिढीच्या प्रेक्षकांना नवे नव्हते. १९२८-२९ च्या मोसमात साऱ्या लीगचीच आक्रमणे थंडावली होती. दोन्ही संघ मिळून सामन्यामागे सरासरी तीन गोलही होत नसत. कॅनेडियन्सचा गोलरक्षक जॉर्ज हेन्सवर्थ याने ४४ पैकी २२ सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला एकही गोल करू दिला नाही. विक्रम म्हणून हे थोरच. पण तिकीट काढून आलेल्या माणसाने सबंध संध्याकाळ काय पाहायचे? अखेर लीगने पुढच्याच मोसमात नियम बदलले, आक्रमणाच्या क्षेत्रातही पुढे पास द्यायला मुभा दिली, आणि गोलांचा पाऊस पडू लागला. आदल्या वर्षी १७ गोलांवर थांबलेल्या मोरेन्झने १९२९-३० मध्ये ४४ सामन्यांत ४० गोल केले. कॅनेडियन्सने १९३० आणि १९३१ असे लागोपाठ दोन वर्षे स्टॅन्ली करंडक उचलला.

मैदानाबाहेर तो शौकीन माणूस होता. कपडे झोकदार, हाती उकुलेले हे छोटे तंतुवाद्य, घोड्यांच्या शर्यतींचा नाद, मित्रांचा गोतावळा. मात्र संघ हरला की हा माणूस ओळखू येत नसे. पराभवाच्या रात्री तो माँट्रियलच्या रस्त्यांवरून पहाटेपर्यंत एकटाच भटके. आपल्या चुकीमुळे गोल झाला असेल तर ती चूक त्याला झोपू देत नसे. प्रेक्षकांनी जे त्याला सुनवायचे, ते तो स्वतःला आधीच सुनावून मोकळा झालेला असे.

मग पाय जड होऊ लागले. १९३२-३३ मध्ये त्याचे गोल १४ वर आले. नव्या नियमांनी पास देणाऱ्या, संगनमताने खेळणाऱ्या फळ्यांना महत्त्व आले होते. एकट्याने मैदान कापत जाणाऱ्या खेळाडूला बचावपटू आता घेरू लागले. त्यात वयाची तिशी आणि वर्षानुवर्षे खाल्लेले मार. १९३३-३४ चा मोसम उजाडला आणि कॅनेडियन्सचे आक्रमण पार आटले. ४८ सामन्यांत संघाचे ९९ गोल, म्हणजे सामन्यामागे जेमतेम दोन. घोट्याच्या दुखापतीने मोरेन्झ काही आठवडे बाहेर बसला. संपूर्ण मोसमात त्याचे गोल अवघे आठ. विशेष म्हणजे त्याच मोसमात त्याने साय डेनेनीचा २४८ गोलांचा लीगमधील विक्रम मागे टाकला होता. इतिहासात सर्वाधिक गोल करणारा खेळाडू म्हणून त्याचे नाव नोंदवले गेले, आणि त्याच हिवाळ्यात फोरममध्ये त्याच्या पायाशी पक आला की बाकांवरून हुर्यो ऐकू येऊ लागली.

या प्रेक्षकांना कृतघ्न ठरवणे सोपे आहे, पण तसे करणे अन्यायाचे होईल. ती महामंदीची वर्षे होती. माँट्रियलमध्ये हजारो हात रिकामे होते, आणि शिधापाण्यातून वाचवलेल्या नाण्यांवर फोरमचे तिकीट निघे. त्या नाण्यांच्या मोबदल्यात आठवड्यातून एक संध्याकाळ विजयाची मिळावी, एवढीच या माणसाची अपेक्षा. ती पुरी होत नव्हती. चुकले असेल तर एवढेच, की संघ म्हातारा होत असताना नवे आघाडीवीर घडवण्याकडे व्यवस्थापनाने दुर्लक्ष केले, त्याचा जाब प्रेक्षकांनी व्यवस्थापनाला न विचारता मोरेन्झला विचारला. नाव ज्याचे सर्वांत मोठे, त्याच्यावर राग काढणे सोयीचे असते.

मोसमाअखेरच्या बाद फेरीत शिकागोने कॅनेडियन्सला पहिल्याच टप्प्यात घरी पाठवले आणि पुढे करंडकही जिंकला. पण जूनमध्ये शिकागोचा गोलरक्षक चार्ली गार्डिनर याचे अकाली निधन झाले आणि त्या संघाला गोलरक्षक हवा झाला. ३ ऑक्टोबर १९३४ रोजी सौदा ठरला. गोलरक्षक लॉर्न शाबो, मार्टी बर्क आणि हॉवी मोरेन्झ असे तिघे शिकागोला गेले. बदल्यात आलेल्यांतील बडे नाव होते लायनल कोनॅकरचे. तो कॅनेडियन्सच्या जर्सीत एकही सामना न खेळता परस्पर मरून्सकडे गेला.

शिकागोत मोरेन्झ रमला नाही. त्या मोसमात पुन्हा आठच गोल. मात्र मोसमाच्या शेवटी शिकागोचा संघ माँट्रियलला आला तेव्हा मोरेन्झने कॅनेडियन्सविरुद्ध गोल केला, आणि साऱ्या फोरमने उभे राहून टाळ्या वाजवल्या. वर्षभरापूर्वी जो आपला होता म्हणून त्याची हुर्यो झाली, तोच परका होऊन आपल्यावर गोल करतो तर त्याला मानवंदना! १९३६ च्या जानेवारीत शिकागोने त्याला न्यूयॉर्क रेंजर्सकडे सोपवले. तेथे १९ सामन्यांत दोन गोल झाले.

इकडे मोरेन्झ गेल्याने कॅनेडियन्सचे आक्रमण सुधारले काय? १९३५-३६ मध्ये संघाने ४८ पैकी केवळ ११ सामने जिंकले आणि आपल्या गटात तो तळाला राहिला. दांदुराँ यांनी संघ १९३५ मध्येच विकला होता. नव्या मालकांनी जुने प्रशिक्षक सेसिल हार्ट यांना परत बोलावले. हार्ट यांनी अट घातली ती मोरेन्झला परत आणण्याची. १९३६ च्या सप्टेंबरात तो परतला. जोलिआ, गान्यों आणि मोरेन्झ हे त्रिकूट पुन्हा एकत्र आले. मोरेन्झचे गोल फारसे होत नव्हते. ३० सामन्यांत चार. पण त्याने १६ गोलांसाठी पास दिले आणि तळाचा संघ गटात वर सरकू लागला. एकट्याने मैदान कापणारा खेळाडू तिशी उलटल्यावर दुसऱ्याला गोल करू द्यायला शिकला होता. या वेळी फोरममध्ये हुर्यो नव्हती.

२८ जानेवारी १९३७ रोजी शिकागोविरुद्ध सामना होता. पक घेऊन कोपऱ्याकडे झेपावताना मोरेन्झचा तोल गेला, त्याच्या स्केटचे पाते कठड्याच्या फळीत रुतले आणि पाठलाग करणारा बचावपटू अर्ल सीबर्ट वेगात त्याच्यावर येऊन आदळला. डाव्या पायाचे हाड चार ठिकाणी मोडले. सेंट ल्यूक रुग्णालयातील खोली मित्रांनी, चाहत्यांच्या पत्रांनी आणि लपवून आणलेल्या दारूच्या बाटल्यांनी भरून गेली. हसणे-खिदळणे चाले, पण गर्दी ओसरली की आपण पुन्हा खेळणार नाही ही जाणीव त्याला पोखरे. फेब्रुवारीअखेर त्याचे मानसिक स्वास्थ्य ढासळले आणि भेटीगाठींवर बंधने आली. ८ मार्चच्या रात्री पलंगावरून उठण्याचा प्रयत्न करताना तो कोसळला. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्याने मृत्यू झाला, असे निदान झाले. जोलिआ मात्र आपला मित्र तुटलेल्या काळजाने गेला, असेच अखेरपर्यंत सांगत राहिला.

मोसमाअखेर कॅनेडियन्स आपल्या गटात पहिले आले. बाद फेरीत डेट्रॉइटने त्यांना रोखले. नोव्हेंबरात मोरेन्झच्या कुटुंबासाठी मदतीचा सामना झाला आणि सात क्रमांकाची जर्सी कायमची निवृत्त करण्यात आली. कॅनेडियन्सने असा मान कोणाला दिल्याची ती पहिलीच वेळ. १९४५ मध्ये हॉकीच्या कीर्तिदालनात प्रवेश मिळालेल्या पहिल्या तुकडीत त्याचे नाव होते, तर १९५० मध्ये कॅनडाच्या वार्ताहरांनी त्याला अर्धशतकातील सर्वश्रेष्ठ हॉकीपटू ठरवले.

मोरेन्झची कन्या मार्लीन हिचा विवाह कॅनेडियन्सचाच आघाडीवीर बर्नी जेफ्रिऑन याच्याशी झाला. १९५५ च्या मार्चमध्ये संघाचा लाडका मोरिस रिशार याच्यावर बंदी आली असताना जेफ्रिऑनने अखेरच्या सामन्यांत त्याला एका गुणाने मागे टाकून लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. फोरमच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. सासऱ्याची झाली ती गोल होत नाहीत म्हणून, जावयाची झाली ती गोल झाले म्हणून.

जेफ्रिऑनची पाच क्रमांकाची जर्सी निवृत्त करण्याचा सोहळा ठरला ११ मार्च २००६ रोजी, मोरेन्झच्या अंत्यविधीनंतर बरोबर ६९ वर्षांनी. त्याच दिवशी सकाळी जेफ्रिऑनचे कर्करोगाने निधन झाले. तरीही सोहळा झाला. मार्लीन आणि मुले मैदानावर उभी होती. छताला टांगलेला मोरेन्झचा सात क्रमांकाचा ध्वज अर्ध्यावर खाली आणण्यात आला, आणि तेथून सात आणि पाच हे दोन्ही आकडे शेजारी शेजारी पुन्हा वर चढवण्यात आले.