कावसजींचे नाक

आपल्याकडे नाक म्हणजे अब्रू. कावसजी या मराठा शेतकऱ्याचे नाक खरोखरच कापले गेले. ते इंग्रजांच्या फौजेत बैल हाकण्याचे काम करीत. १७९२ च्या म्हैसूरच्या युद्धात ते टिपू सुलतानच्या कैदेत सापडले. तिथे त्यांचे नाक आणि एक हात कापण्यात आला. तशाच अवस्थेत ते श्रीरंगपट्टणजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाले. पुढे वर्षभर ते नाकाविना वावरले.

१७९३ मध्ये पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्यांना नवे नाक दिले. आधी तयारी झाली. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतले, तो कपाळावर सपाट ठेवून भोवती रेघ ओढली. तेवढी कातडी सोडवून, भुवयांमधला दुवा न तोडता, खाली वळवून बसवली. जोडावर पाण्यात भिजवलेल्या काताच्या पट्ट्या लावल्या. चार दिवसांनी तुपात बुडवलेली फडकी आली. पाच-सहा दिवस उताणे पडून राहायचे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास दुवा कापला.

भूल द्यायला तेव्हा इथर नव्हते. ते बोस्टनमध्ये १८४६ साली आले. कावसजींपुढे निवडीचा प्रश्नच नव्हता. होता तो फक्त सब्र.

जेम्स वेल्स यांनी त्यांचे चित्र काढले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत छापली. ती वाचून डॉक्टर कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनमध्ये हीच शस्त्रक्रिया केली. कावसजींना कंपनीची पेन्शन मिळाली. कारागिराचे नाव मात्र त्या हकीकतीत नाही.

आज मावळ-लोणावळ्याच्या रुग्णाला निवड आहे. छोट्या कामाला जागेपुरती भूल पुरते. काम लांबणार असेल किंवा रक्त घशात उतरण्याची भीती असेल, तर पूर्ण भूल बहुधा सोयीची. निर्णय भूलतज्ज्ञांशी बोलून घ्यावा. रक्त पातळ करणारी गोळी, दमा, आधीच्या भुलेचा त्रास, काहीही लपवू नये. पूर्ण भुलेपूर्वी साधारण सहा तास खाणे आणि दोन तास पाणी बंद असते, कारण पोटातले फुफ्फुसात जाऊ नये. हा रोजा नव्हे. आजाऱ्याला रोजे पुढे पूर्ण करण्याची मुभा कुरआननेच दिली आहे. रमजानमध्ये रोजा आहे म्हणून औषध लपूनछपून सोडण्यात पुण्य नाही.

कावसजींना जे मिळाले नाही, ते आपल्याला मागता येते. ते मागावे.