उणे दोनशेचा हिशेब आणि ब्रह्मगुप्त

महिनाअखेर आहे. खिशात शंभराची एकच नोट उरलीय आणि रूममेटचे तीनशे द्यायचेत. तुमच्याकडे पैसे किती? शंभर, असं तुम्ही म्हणाल. पण खरं उत्तर तुम्हालाही ठाऊक आहे, उणे दोनशे! अशा उत्तरांचे नियम ज्याने लिहून ठेवले, तो तेव्हा तुमच्यापेक्षा फार मोठा नव्हता. तिशीचा होता.

त्याचं नाव ब्रह्मगुप्त. जन्म इ.स. ५९८ चा, वडिलांचं नाव जिष्णू. राहायला भिल्लमाळला, म्हणजे आजच्या राजस्थानातल्या जालोर जिल्ह्यातलं भीनमाळ. तिथे तेव्हा चाप वंशातला राजा व्याघ्रमुख राज्य करत होता. ब्रह्मगुप्ताचं मुख्य काम आकाशाचं: ग्रहांची गती मोजायची, ग्रहणाची वेळ काढायची. ६२८ मध्ये त्याने ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ हा ग्रंथ पूर्ण केला. सगळा श्लोकबद्ध बरं का! त्याच्या अठराव्या अध्यायात मात्र ग्रहताऱ्यांच्या जोडीला एक जमिनीवरचा हिशेब येतो.

गाठीला असलेलं ते धन आणि देणं असलेलं ते ऋण. शाळेत आपण ‘धन संख्या’, ‘ऋण संख्या’ म्हणून जे घोकलं, ते त्याने वापरलेलेच शब्द. त्याचे नियमही सरळ आहेत. दोन ऋणांची बेरीज ऋणच. धन आणि ऋण सारखं असेल तर उरतं शून्य. शून्यातून धन वजा केलं की ऋण, आणि ऋण वजा केलं की धन. म्हणजे कुणी तुमचं कर्ज माफ केलं, तर ती तुमची कमाईच झाली की!

आणि ऋण गुणिले ऋण? धन. हे आपण पाठ केलं, पण का, ते विचारायचं राहून गेलं. समजा, तुमच्या खिशातून रोज ५० रुपये जातात, म्हणजे उणे ५०. चार दिवसांपूर्वी, म्हणजे उणे चार. तेव्हा खिशात आजच्यापेक्षा किती होते? २०० जास्त. झालं, सुटलं कोडं.

चीनमध्ये त्याच्या कितीतरी आधी धनासाठी लाल आणि ऋणासाठी काळ्या काड्या मांडून हिशेब करत. पण शून्यालाही संख्या मानून, तिन्हींचे नियम एका जागी मांडले ते ब्रह्मगुप्ताने.

तो चुकला नाही असं नाही. शून्याला शून्याने भागलं तर शून्य, असं त्याने लिहून टाकलं. आज आपण त्या भागाकाराला अर्थच नाही असं मानतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे आर्यभटाचं म्हणणं त्याने तरुणपणी जोरात खोडून काढलं. तिथे आर्यभट बरोबर होता. गंमत म्हणजे ६६५ मध्ये, सदुसष्टाव्या वर्षी, त्याने ‘खण्डखाद्यक’ लिहिला तो आर्यभटाच्याच एका पद्धतीचा आधार घेऊन.

आठव्या शतकात त्याचं गणित अरबीतून बगदादला पोहोचलं. पण पुढच्या शतकात तिथल्या अल-ख्वारिझ्मीने समीकरणांचे सहा प्रकार पाडले ते अशा बेताने, की ऋण संख्या मधे येऊच नये. युरोपात तर संशय आणखी टिकला. १७५८ मध्ये, म्हणजे ब्रह्मगुप्तानंतर अकराशे वर्षांनी, फ्रान्सिस मासेरेस हा इंग्रज गणिती ऋण संख्या बीजगणितातून हद्दपार करा म्हणून आख्खं पुस्तक लिहीत होता. जे हातात धरता येत नाही ते मोजायचं कसं, ही अडचण हुशार माणसांनाही सुटत नव्हती.

आपल्याला तरी कुठे सुटलीय? खिशातली नोट दिसते, रूममेटचं देणं दिसत नाही. एज्युकेशन लोनचंही तसंच. ब्रह्मगुप्ताने न दिसणाऱ्या देण्याला दिसणाऱ्या पैशाच्या पंगतीला बसवलं. उद्या घरून पाचशे आले की ते पाचशे नसतील, तीनशे असतील. तेव्हा आधी रूममेटचे देऊन टाका!